पुष्पांजली समजावून सांगते

चिखलीच्या बाजारपेठेत बॅन्डवाल्यांच्या दुकानाला लागून एक अरुंद जिना वर जातो. वर काचेचं दार आणि दारावर निळ्या अक्षरांत ‘पाटी वेब स्टुडिओ’. आत दोन टेबलं, भिंतीला पांढरा फळा, आणि फळ्यापाशी मार्कर घेऊन उभी असलेली पुष्पांजली. पस्तिशीच्या आतबाहेरची, सावळी, केस घट्ट बांधलेले. तिची भागीदार डिंपल खिडकीपाशी बसून फोटो आणि रंग बघते. गिऱ्हाइकाशी बोलण्याचं काम पुष्पांजलीचं. हे काम तिला मुळीच आवडत नाही, पण तिच्याइतकं नीट ते दुसऱ्या कोणाला जमतही नाही.

गिऱ्हाईक आलं की ती समजावून सांगते. वेबसाइट कशी बनते, आधी काय होतं, मग काय, तुमचं काम कुठं, आमचं कुठं. फळ्यावर चौकटी काढते, चौकटींमध्ये बाण काढते. समोरचा माणूस मान डोलावतो, चहा पितो, आणि सगळं ऐकून झाल्यावर विचारतो, “मंग उद्यापर्यंत होऊन जाईन ना?”

इतकी वर्षं हे ऐकून गिऱ्हाईक नावाच्या प्राण्याबद्दल तिच्या मनात काडीचा आदर उरला नव्हता. एका मंगल कार्यालयाच्या मालकानं साइट उघडताच सनई वाजलीच पाहिजे म्हणून हट्ट धरला होता. ती वाजायला लागल्यावर, दर वेळी फोन हातात घेतला की सनई वाजते आणि सासरे दचकतात, अशी तक्रार घेऊन तोच जिना चढून आला. एका क्लासवाल्या सरांना आपल्या साइटवर ‘प्रवेश’ हा शब्द तीन प्रकारे चुकवून हवा होता, कारण तसं त्यांच्या हॅन्डबिलावर होतं. हे लोक गेल्यावर पुष्पांजली फळा पुसायची आणि म्हणायची, “डिंपल, यायच्या डोक्यात भुसाबी नाही वं. भुसा असता त गाईले त कामी आला असता.”

पण हे मागे. तोंडावर ती कधी कोणाचा अपमान करायची नाही. तिचा तिरस्कार वेगळ्याच वाटेनं बाहेर पडायचा. शिकून झाल्यावर ती पुण्यात एका मोठ्या स्टुडिओत नोकरीला होती. पहिल्याच बैठकीत ती गिऱ्हाइकाला म्हणाली, “आम्ही तेच काम करून राह्यलो,” आणि टेबलाभोवतीचे सगळे एकमेकांकडे बघून हसले. त्यानंतर तिला बैठकीला बोलावणं बंद झालं. तिनं हट्टानं पुण्याची शुद्ध भाषा शिकून घेतली, अगदी बातम्या देणाऱ्या बाईसारखी. पुढे आईच्या आजारपणाचं निमित्त झालं, ती परत आली, पण ती भाषा तिनं टाकून दिली नाही, हत्यारासारखी जपून ठेवली. माणूस आवडला तर ती त्याच्याशी घरच्यासारखं बोलायची. मनातून उतरला की शुद्ध बोलायला लागायची. समोरच्याला वाटायचं, बाई मान देते आहे. डिंपलला मात्र कळायचं की याचं संपलं.

उकंडराव हे डोणगावाकडच्या एका गावातले मोठे शेतकरी. जमीन भरपूर, ट्रॅक्टर, दुमजली घर, आणि अंगावर कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट. लग्नसराई संपत आली होती तेव्हा ते पुतण्या राजकुमारला घेऊन जिना चढून आले. दारात उभे राहून त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

“मालक कुठी गेले?” त्यांनी डिंपलला विचारलं.

डिंपलनं पुष्पांजलीकडे बोट दाखवलं.

“मीच,” पुष्पांजली म्हणाली. “बसा काकाजी.”

राजकुमारनं रुमालानं खुर्ची पुसली, मग उकंडराव बसले. त्यांनी काम सांगितलं. पावसाळ्याआधी त्यांची एकसष्टी होती. मोठा मांडव, मोठे पाहुणे. शेजारच्या गावच्या माणिकरावची वेबसाइट आहे असं त्यांच्या कानावर आलं होतं. आपली नाही, हे बरं दिसत नाही. पाहुण्याच्या हातून बटण दाबून स्टेजवरच साइटचं उद्घाटन करायचं. (माणिकरावची ती वेबसाइट पुष्पांजलीनं नंतर शोधली. ते फेसबुकचं पान होतं आणि त्यावर नातवाचा नाच आणि भज्यांच्या कढईचा फोटो होता.)

“ठीक आहे,” ती फळ्याकडे वळली. “पहिले आपण बोलायचं. ही साइट पाह्यणार कोण, अन् पाहून त्यानं काय करावं, हे तुम्ही मले सांगा. त्याच्यावर सगळं ठरते.”

“सगळे पाह्यतीन,” उकंडराव म्हणाले.

“सगळे म्हणजे कोण?”

“सगळे म्हणजे सगळे. जग.”

“अन् जगानं पाहून काय करावं?”

उकंडरावांनी राजकुमारकडे पाहिलं. राजकुमारनं थोडा विचार केला. “काकाजीचं नाव घ्यावं,” तो म्हणाला.

फळ्यावर काढलेल्या पहिल्या चौकटीत पुष्पांजलीनं काही लिहिलं नाही. उकंडराव तिला न्याहाळत होते. “तू कोणाची वं?”

“पुंजाजीची. बाजारात बसतात ते, मेथी-सांबाराच्या जुड्या घेऊन.”

“पुंजाजीची! मंग त आपलीच पोरगी निंघाली,” उकंडराव खुलले. “लय पुराना माणूस. इकडं बाजारात आलो की त्याच्याचपाशी थांबत जाओ मी. जुडी सोडाले लावायची अन् तेवढ्याच पैशात मोठी बांधाले लावायची. गरीब माणूस, तोंडातून शब्द नाही काढला कधी.” ते राजकुमारकडे बघून हसले. राजकुमारही हसला.

पुष्पांजलीनं मार्करचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

“आपण निवांत बसावं,” ती म्हणाली. “मी आपल्याला पुढची प्रक्रिया समजावून सांगते.”

खिडकीपाशी डिंपलनं मान खाली घातली.

“मजकूर आपण द्यायचा. आम्ही पदरचं काही लिहीत नाही. मग आम्ही आराखडा दाखवू. त्यात रंग नसतील, नुसत्या चौकटी असतील, घर बांधण्याआधी नकाशा काढतात तसा. आराखडा आपल्याला पटला की रंगरूप. त्यानंतर दोनदा दुरुस्त्या. मग तपासणी, म्हणजे वेगवेगळ्या फोनवर उघडून पाहायचं, आपल्या भरवशाच्या चार माणसांना दाखवायचं, चूक असेल तर ती घरातच सापडावी. हे सगळं झालं की मग साइट लोकांसाठी सुरू होते. स्टेजवर बटण दाबायचं तर त्याच्या निदान आठवडाभर आधी सगळं तयार हवं.”

खाली बॅन्डवाल्यांनी क्लॅरिनेट तपासायला घेतलं होतं. उकंडराव मांडीवर अंगठ्यानं ठेका धरत होते.

“समजलं आपल्याला?”

“समजलं ना. फोटो आम्ही देतो, बाकी तुम्ही पाहा.”

फोटो आले. राजकुमारनं सकाळपासून पाठवायला सुरुवात केली ते दुपारपर्यंत पाठवत होता. शे-सव्वाशे फोटो, आणि प्रत्येकात उकंडराव शाल आणि नारळ घेऊन उभे. शाली वेगळ्या, देणारे वेगळे, चेहरा तोच, ओठ मिटलेले, नजर कॅमेऱ्यावर. काहींत कडेला एका बाईचा खांदा आणि डोक्यावरचा पदर येत होता. डिंपलनं तेवढं कापून टाकलं.

मजकूर मात्र येईना. पुष्पांजलीनं फोन केला. राजकुमार म्हणाला, “तुमीच लिहा ना म्याडम. समाजभूषण, दानशूर, शिक्षणमहर्षी, असं.”

“शिक्षणमहर्षी म्हणजे कोणती शाळा काढली आहे त्यांनी?”

“शाळा नाही. वाचनालय आहे. आजीच्या नावानं. जनकाबाई सार्वजनिक वाचनालय.”

“त्याचे फोटो पाठवा.”

“फोटो नाहीत त्याचे.”

मग त्या दोघी स्वतःच गेल्या. मेहकरपर्यंत एसटी, तिथून डोणगावला आणि पुढे जीप. गावात राजकुमार वाट दाखवायला आला. वाचनालय गावाच्या मधोमध होतं. चांगली पक्की खोली, पुढे ओटा, वर संगमरवरी पाटी, पाटीवर जनकाबाईंचं नाव लहान आणि ‘सौजन्य’ म्हणून उकंडरावांचं मोठं. दाराला कुलूप. खिडकीच्या फटीतून डिंपलनं आत पाहिलं आणि पुष्पांजलीला खुणेनं बोलावलं. आत तुरीची पोती छताला भिडली होती. एका बाजूला स्प्रिंकलरचे पाईप, त्यावर मोडका कूलर.

ओट्यावर एक पोरगी पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. प्रेरणा तिचं नाव. पोलीस भरतीचा अभ्यास करत होती. घरी एकच खोली, त्यात टीव्ही, म्हणून इथे सावलीला यायची.

“म्याडम, उघडून राह्यले का हे?” तिनं विचारलं.

पुष्पांजलीनं राजकुमारकडे पाहिलं.

“चावी हरपली आहे,” तो म्हणाला. “तुमी भायेरून घ्या फोटो. अन् तू ऊठ वं तिथून, फोटोत येशीन.”

प्रेरणा उठून बाजूला झाली. डिंपलनं फोटो काढला. परतीच्या जीपमध्ये पुष्पांजली बाहेरच्या उन्हाकडे बघत बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. शिव्या देत असावी. पण त्याही शुद्ध असतील, असं डिंपलला वाटलं.

दोन दिवसांनी राजकुमारचा निरोप आला. वाचनालयात पाच हजार ग्रंथ आहेत, रोज शेकडो वाचक लाभ घेतात, असं टाका. पुष्पांजलीनं उकंडरावांना स्वतः फोन लावला.

“काकाजी, हे आपल्या नावानं जाईल. जग वाचेल. हे असंच टाकायचं?”

“असंच.”

“पुन्हा एकदा विचारते आहे.”

“अगं, टाक ना. कोण मोजाले बसते?”

तिनं टाकलं. डिंपल तिच्या मागे उभी होती. “आपण खोटं लिहून राह्यलो नं,” ती म्हणाली.

“आपण नाही. ते.”

“दारावर पाटी त आपली आहे.”

डिंपल अशी कधीतरीच बोलायची, आणि तेव्हा तिला गप्प करायला शुद्ध भाषेचाही उपयोग व्हायचा नाही.

आराखडा पाहायला काका-पुतणे पुन्हा आले. पडद्यावर काळ्यापांढऱ्या चौकटी बघून उकंडराव ताडकन उठले. “हे काय, तेरवीची पत्रिका आहे का? रंग कुठी आहे? फोटो कुठी आहे?” पुष्पांजलीनं नकाशाचं पुन्हा सांगितलं. फळ्यावर घर काढून दाखवलं, दार, खिडकी, चूल कुठे, न्हाणी कुठे. राजकुमार म्हणाला, “पण घराचा फोटो नाही टाकायचा ना आपल्याले.”

मग अभिप्रायांचा विषय निघाला. साइट पाहणाऱ्यानं दोन शब्द लिहावेत अशी सोय उकंडरावांना हवी होती, आणि ते शब्द पहिल्या पानावर खालून पळाले पाहिजेत, टीव्हीवर बातम्या पळतात तसे. मोठ्या अक्षरांत.

“यात दोन प्रकार आहेत,” पुष्पांजली म्हणाली. “एक, लोक लिहितील, आपण वाचाल, आणि आपण पसंत केलेलंच दिसेल. दोन, लोक लिहितील ते सरळ दिसेल. माझा सल्ला पहिल्या प्रकाराचा आहे.”

“सरळ दिसू दे,” उकंडराव म्हणाले. “चांगल्या कामाले भ्या कायचं?”

“आपल्या लक्षात येतंय ना? कोणीही, काहीही लिहिलं, तरी ते सरळ...”

“सरळ म्हणतो ना मी!”

तेव्हा पुष्पांजलीनं एक गोष्ट केली, जी ती अशा गिऱ्हाइकासाठी कधी करत नसे. ती मार्कर ठेवून समोर बसली आणि घरच्या भाषेत म्हणाली, “काकाजी, आयका माह्यं. गावातलं पोट्टं बी लिहीन, दुश्मन बी लिहीन. तुमच्या हाती काही राह्यणार नाही. वाचून मंग दिसू द्या.”

उकंडरावांनी राजकुमारकडे बघून डोळा मारला. “पोरगी डरपोक आहे. बापावर गेली.”

“सरळ दिसेल,” पुष्पांजली उठत म्हणाली. “आपली इच्छा.”

दुरुस्त्या दोनदा ऐवजी किती वेळा झाल्या ते कोणी मोजलं नाही. मिशा अधिक काळ्या करा. शालीचा रंग बदला. माणिकरावापेक्षा मोठा फोटो करा, जरी माणिकरावाचा फोटो कुठेच नव्हता. तपासणी झालीच नाही. चार माणसांना दाखवा म्हटलं तर उकंडराव म्हणाले, आधी दाखवलं तर उद्घाटनात काय राहिलं? आणि एवढं गुपित जपणाऱ्या त्याच घरातून, एकसष्टीच्या दिवशी सकाळी, राजकुमारनं साइटची लिंक गावच्या, भावकीच्या, पंचक्रोशीच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, ‘काकाजींच्या कार्यावर दोन शब्द जरूर लिहा.’

लोकांनी लिहिले.

दोघी दुपारी मांडवात पोचल्या तेव्हा स्वयंपाकाच्या कढया चढल्या होत्या आणि स्टेजवर भिंतीएवढा पडदा लागला होता. पुष्पांजलीनं पडद्यामागच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. साइट उघडून पाहिली. खालची पट्टी पळायला लागली. तिनं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि डिंपलला कोपरानं ढोसलं. डिंपलनं तोंडावर हात धरला.

राजकुमार हारांचा ढीग घेऊन चालला होता. पुष्पांजलीनं त्याला हाक मारली. “जरा इकडे येऊन वाचता का? पट्टी बंद करायची तर आत्ता करता येईल. एका क्षणाचं काम आहे.”

“आता काहीबी बदलू नोका म्याडम. काकाजी चिडतीन.”

“वाचा तरी.”

“लय आले ना अभिप्राय? मंग झालं,” तो म्हणाला आणि हार घेऊन गेला.

“बंद कर ना,” डिंपल पुटपुटली.

“गिऱ्हाइकाची परवानगी नाही,” पुष्पांजली म्हणाली. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. हे ती शुद्ध मनानं करत नव्हती. तिला त्यात गोडी वाटत होती, दाबून धरलेल्या हसण्यासारखी, आणि ती गोडी तिनं लपवलीही नाही.

प्रमुख पाहुणे आले. जिल्ह्यातले नामांकित, भाषणाला सरावलेले. स्टुडिओखालचेच बॅन्डवाले वाजवायला होते. उकंडरावांनी फोटोसाठी चष्मा खिशात ठेवला होता. पाहुण्यांनी बटण दाबलं, पडद्यावर उकंडराव प्रकट झाले, काळ्याभोर मिशांसह, फटाके फुटले. आणि त्यांच्या फोटोच्या पायाशी पट्टी पळू लागली.

‘काकाजींना एकसष्टीच्या हार्दिक शुभेच्छा.’ टाळ्या झाल्या. मग, ‘पाच हजार ग्रंथ तुरीच्या पोत्याखाली आहेत का पोत्यात आहेत?’ मग, ‘स्प्रिंकलरचे पाईप वाचून झाले, पुढचा ग्रंथ द्या.’ मग, ‘चावी कुठी आहे?’ मग कोणीतरी नुसतंच ‘चावी’. मग, ‘मी ओट्यावर बसून अभ्यास करते, आत बसू द्या, प्रेरणा.’ मग, ‘आईच्या नावानं कोठार चालवता का बे.’

मांडवात आधी मागच्या बाजूनं हसणं उठलं, मग ते पुढे सरकत आलं. उकंडरावांना पडद्यावर नुसती अक्षरं पळताना दिसत होती. लोक खूश आहेत हे पाहून त्यांनी हात जोडले, चारी दिशांना जोडले, आणि प्रत्येक नमस्काराला हसू वाढत गेलं. त्यांचा चेहरा इतका सुखी होता की पुष्पांजलीला त्या क्षणी त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मोठी जुडी बांधून घेणारा हात तिला त्या जोडलेल्या हातांत दिसत होता.

राजकुमार धावत पडद्यामागे आला तोवर पाहुण्यांनी चष्मा लावून दोनतीन ओळी वाचल्या होत्या. ते भोळे होते की बेरकी, हे गावात अजून ठरलेलं नाही. त्यांनी माईक हातात घेतला आणि म्हणाले, “वाचनालयाविषयी जनतेची फारच आस्था दिसते. ते पाहूनच पंगतीला बसू.”

आणि ते खरंच खाली उतरले. पाहुणा उतरला म्हणून पुढारी उतरले, पुढारी उतरले म्हणून लोक उठले, आणि मिरवणूक आहे असं समजून बॅन्डवाले पुढे झाले. वाजत गाजत सगळे वाचनालयाच्या दारात. एव्हाना कोणीतरी उकंडरावांना कानात सगळं सांगितलं होतं. त्यांचा रंग उतरला होता, तरी चाल मात्र तीच.

“चावी हरपली आहे साहेब,” राजकुमार कुलपापुढे उभा राहून म्हणाला.

बायकांच्या घोळक्यातून एक बाई पुढे आली. नऊवारी नेसलेली, ठेंगणी, डोक्यावर पदर. उकंडरावांची बायको, शालूबाई.

“हरपली कायले?” ती म्हणाली. “माझ्यापाशी आहे ना. कोणी मांगतली का मले?” तिनं कमरेच्या पिशवीतून चावी काढली, राजकुमारला बाजूला केलं आणि कुलूप उघडलं.

दार उघडताच एक पोतं कलंडून उंबऱ्यावर आलं. तुरीची धूळ उडाली. पाहुणे दोन पावलं मागे सरले, शिंकले, आणि अन्न आणि ज्ञान या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत असं काहीतरी म्हणून पंगतीकडे वळले. त्यांच्या मागोमाग तीच माणसं, ज्यांनी आत्ताच पट्टीवर लाज काढली होती, उकंडरावांची बुंदी खायला रांगेनं बसली आणि दोनदा वाढून घेऊन जेवली. पुष्पांजलीनं तेही पाहिलं. तिच्या मनातून फक्त उकंडरावच उतरले असं नाही.

दोन दिवसांनी उकंडराव एकटे जिना चढून आले. या वेळी खुर्ची पुसायला कोणी नव्हतं.

“तू मुद्दाम केलं हे,” ते म्हणाले.

“मी आपल्याला दोन्ही प्रकार समजावून सांगितले होते.”

“पण असं होईन, हे कुठी सांगतलं?”

“सांगितलं होतं. आपण डोळा मारलात.”

तोंडातून शब्द न काढणाऱ्या पुंजाजीची ही पोरगी, हे उकंडरावांच्या मनात बसत नसावं. “बंद कर ते सगळं,” ते शेवटी म्हणाले. तिनं त्यांच्या डोळ्यांदेखत साइट बंद केली. ते म्हणाले, “एवढंच असते का बंद करणं?” आणि उतरून गेले.

पुढे त्यांनी दुसऱ्या शहरातून साइट करून घेतली. तिथल्या पोरानं काही विचारलं नाही, काही समजावलं नाही, आठवड्याच्या आत देऊन टाकली. त्या साइटवर अभिप्रायाची सोय नाही आणि पाच हजार ग्रंथ तसेच आहेत. चिखलीच्या बाईनं साइट बिघडवली, असं ते लग्नाकार्यात सांगतात आणि लोक ऐकून घेतात. त्यामुळे ‘पाटी’ची दोनतीन कामं गेली. पुष्पांजलीनं आपल्या प्रक्रियेत एक पायरी मात्र वाढवली. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते आम्ही लिहिणार नाही, असं ती आता पहिल्याच बैठकीत सांगते. त्यावर निम्मे लोक उठून जातात. जाऊ द्या, असं ती म्हणते, आणि डिंपल पुढच्या गिऱ्हाइकाचे फोटो उघडते.

पोती वाचनालयातून त्याच आठवड्यात निघाली. उपरती वगैरे नाही, दार सताड उघडल्यावर तूर कमी होत जाईल ही भीती. आता शालूबाई सकाळी कुलूप काढते. एकसष्टीला आलेल्या कुणीकुणी दिलेली पुस्तकं आहेत, आणि प्लॅस्टिकात गुंडाळलेला एक जुना गठ्ठा सापडला तो आहे. प्रेरणा आणि आणखी चारदोन पोरी आत बसतात.

थंडीच्या दिवसांत एकदा शालूबाई स्टुडिओत आली. डोळे तपासायला चिखलीला आली होती. जिना चढून दम लागला होता, म्हणून डिंपलनं आधी पाणी दिलं.

“एक इचारू का?” ती पुष्पांजलीला म्हणाली. “त्या साइटीत माझं नाव व्हतं का?”

वाटाघाटी, दुरुस्त्या, मिशा, शाली, त्या सगळ्या दिवसांत घरात आणखी कोण आहे हे पुष्पांजलीनं एकदाही विचारलं नव्हतं. कापून टाकलेला खांदा डिंपललाही आठवला असावा, कारण ती खिडकीकडे वळली.

“नव्हतं काकू,” पुष्पांजली म्हणाली. “मी इचारलंच नाही कोणाले.”

“फोटो?”

“तोबी नव्हता.”

शालूबाईनं पेल्यातलं उरलेलं पाणी संपवलं. मग ती हसली, पदराआड नाही, मोकळी.

“बरं झालं बापा,” ती म्हणाली. “नाही त माझंबी नाव त्या माणसासंग पळालं असतं त्या पट्टीवर.”

चहा झाला. तिला मेहकरच्या जीपा कुठून सुटतात ते विचारायचं होतं. पुष्पांजली स्वतः तिच्यासोबत खाली उतरली, कोपऱ्यापर्यंत गेली, आणि जीपवाल्याला सांगून तिला खिडकीपाशी जागा मिळवून दिली.